स्वयंपाकाचा गॅस : जोडणीपासून पुरेपूर वापरापर्यंत

भारतीय स्वयंपाकघरात गेल्या सात दशकांत झालेल्या बदलांपैकी इंधनातील बदल हा सर्वांत दूरगामी ठरला आहे. द्रवरूप पेट्रोलियम वायू म्हणजेच एलपीजी १९५५मध्ये मुंबईत प्रथम घरगुती इंधन म्हणून विक्रीस आला. १९६५च्या ऑक्टोबरमध्ये इंडियन ऑइलने कोलकात्यात पहिली 'इंडेन' जोडणी दिली. त्यानंतरचा बराच काळ हे इंधन शहरी मध्यमवर्गापुरते मर्यादित राहिले आणि जोडणीसाठी अनेक वर्षांची प्रतीक्षायादी असे. २००१च्या जनगणनेनुसार देशातील केवळ १७.५ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी एलपीजी वापरत होती. २०११मध्ये हे प्रमाण २८.५ टक्के झाले, तरी जवळपास निम्म्या कुटुंबांची चूल सरपणावरच पेटत होती. एप्रिल २०१४मध्ये देशात सुमारे १४.५ कोटी घरगुती ग्राहक होते. २०२४अखेर ही संख्या ३२ कोटींच्या पुढे गेली.

जोडण्यांचा हा विस्तार लक्षणीय आहे. तथापि, सिलिंडर घरात आले म्हणजे स्वच्छ इंधनाचा प्रश्न सुटला, असे मानता येत नाही. २०१९-२१मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ५८.६ टक्के आढळले. शहरी भागात ते ८९.७ टक्के, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्के होते. अनेक घरांत शेगडी आणि चूल शेजारी-शेजारी नांदतात. चहा आणि भाजी गॅसवर होते, भाकरी व आंघोळीचे पाणी मात्र चुलीवर. अशा कुटुंबात एक सिलिंडर किती दिवस पुरते, यावर चूल किती वेळा पेटणार हे ठरते. म्हणूनच सिलिंडरमधील उष्णतेचा पुरेपूर वापर हा विषय गृहव्यवस्थापनाइतकाच विकासाच्या अर्थशास्त्राचाही आहे.

सिलिंडरमधील इंधनाचे स्वरूप

घरगुती एलपीजी हे प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असते. सामान्य तापमानाला वायुरूप असणारे हे मिश्रण दाबाखाली द्रवरूप होते व त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पटींनी घटते. त्यामुळेच एका कुटुंबाला महिना-दीड महिना पुरेल एवढे इंधन एका लोखंडी टाकीत मावते. सिलिंडरच्या तळाशी द्रव आणि वरच्या भागात वायू असतो. शेगडीला मिळतो तो वरचा वायू. तो बाहेर पडू लागला की खालच्या द्रवाचे बाष्पीभवन होऊन त्याची जागा भरून निघते. सिलिंडरमधील मोठा दाब रेग्युलेटर शेगडीला झेपेल इतका कमी करतो.

एक किलो एलपीजीपासून सुमारे १०,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. या हिशेबाने १४.२ किलोच्या भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे १ लाख ५३ हजार किलोकॅलरी साठवलेल्या असतात. ही सर्व उष्णता अन्नापर्यंत पोहोचत नाही. भांड्याच्या कडेने निसटणारी ज्योत, तापलेली हवा, शेगडीची जाळी आणि उघड्या भांड्यातून जाणारी वाफ यांत तिचा मोठा हिस्सा खर्च होतो. जी उष्णता प्रत्यक्ष भांड्यातील पदार्थाला मिळते, तिचे एकूण उष्णतेशी असलेले प्रमाण म्हणजे शेगडीची औष्णिक कार्यक्षमता. घरगुती गॅस शेगडीसाठी भारतीय मानकाने ही कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी, अशी अट घातली आहे.

या इंधनाचे मोल चुलीशी तुलना केल्यावर अधिक स्पष्ट होते. वाळलेल्या लाकडापासून किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी मिळतात. परंतु पारंपरिक चुलीची कार्यक्षमता साधारणतः १० ते १५ टक्केच असते. म्हणजे किलोभर सरपणातून अन्नाला ४०० ते ६०० किलोकॅलरीच मिळतात. प्रमाणित शेगडीवर वापरलेले एक सिलिंडर सुमारे १ लाख ४ हजार उपयुक्त किलोकॅलरी देते. याचाच अर्थ एक सिलिंडर अंदाजे पावणेदोनशे ते दोनशे साठ किलो सरपणाची जागा घेते. हे सरपण गोळा करण्याचे, डोक्यावरून आणण्याचे आणि त्याचा धूर सोसण्याचे काम बहुतांशी स्त्रियांच्या व मुलींच्या वाट्याला येते. त्याची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात होत नाही.

उष्णतेची गळती आणि तिचा प्रतिबंध

इंधनबचतीच्या सूचना अनेकदा घोषणांच्या स्वरूपात दिल्या जातात. त्यांमागील भौतिकशास्त्र समजून घेतल्यास त्यांचे महत्त्व पटते. एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७५ किलोकॅलरी लागतात. तेच एक लिटर पाणी पूर्णपणे वाफेत बदलण्यास आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. हा बाष्पनाचा अप्रकट उष्मा होय. उकळी आल्यानंतर ज्योत मोठी ठेवली, तरी उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. जास्तीची उष्णता केवळ वाफ निर्माण करते. अन्न त्यामुळे लवकर शिजत नाही. सुमारे १४० मिलिलिटर म्हणजे एका लहान पेल्याएवढे पाणी वाफ होऊन गेले, तर तेवढ्या उष्णतेत एक लिटर ताजे पाणी उकळले असते. उकळीनंतर आच मंद करणे, भांड्यावर झाकण ठेवणे आणि गरजेपुरतेच पाणी घालणे या तिन्ही सूचनांचे मूळ या एकाच नियमात आहे.

प्रेशर कुकरचे तत्त्वही याच्याशी निगडित आहे. बंद भांड्यात दाब वाढला की पाण्याचा उत्कलनांक १०० अंशांच्या वर जातो, वाफ फारशी वाया जात नाही आणि अन्न कमी वेळात शिजते. १९७८मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने प्रसृत केलेल्या माहितीनुसार साध्या भांड्याच्या तुलनेत कुकरमध्ये भात शिजविताना सुमारे २० टक्के, तर भिजवलेली हरभऱ्याची डाळ शिजविताना सुमारे ४६ टक्के इंधन वाचते. कडधान्ये व डाळी आधी भिजत घातल्यास दाण्यात पाणी मुरण्याचे काम इंधनाविना होते. कुकरमध्ये एकावर एक डबे ठेवून भात, वरण आणि भाजी एकाच आचेवर शिजविण्याची घरोघरची पद्धत या दृष्टीने शास्त्रशुद्ध आहे. कुकरला पूर्ण दाब आल्यानंतर आच मंद केली नाही, तर मात्र शिट्टीवाटे जाणारी वाफ बचतीचा काही भाग परत हिरावून घेते.

शेगडी आणि भांडे यांचा मेळही महत्त्वाचा आहे. ज्योत भांड्याच्या तळाबाहेर आली की तिची उष्णता खोलीत जाते. त्यामुळे लहान भांड्यासाठी लहान बर्नर व मोठ्या आचेसाठी रुंद, सपाट तळाचे भांडे योग्य ठरते. निळी, स्थिर ज्योत हे पूर्ण ज्वलनाचे लक्षण आहे. ज्योत पिवळी दिसू लागली किंवा भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर बर्नरला पुरेशी हवा मिळत नाही असे समजावे. बर्नरची छिद्रे उतू गेलेल्या दुधाने वा पिठाने बुजल्यास हा दोष उद्भवतो. भांड्याच्या बुडाशी साचलेला क्षार आणि काजळीचा थर उष्णतेच्या वहनात अडथळा आणतो. शीतकपाटातून काढलेले दूध किंवा भाजी थोडा वेळ बाहेर ठेवून मग शेगडीवर चढविणे, तसेच चिरणे, निवडणे, वाटणे ही पूर्वतयारी आटोपल्यावरच शेगडी पेटविणे, या सवयींना कोणताही खर्च येत नाही.

या सर्वांचा एकत्रित परिणाम एका उदाहरणाने दाखविता येईल. समजा, अस्वच्छ बर्नर आणि सदोष शेगडीमुळे एका घरातील कार्यक्षमता ६० टक्के आहे व सिलिंडर ४५ दिवस पुरते. शेगडी ६८ टक्क्यांच्या मानकापर्यंत आणल्यास १४.२ किलोत होणारा स्वयंपाक सुमारे १२.५ किलोत होईल आणि तेच सिलिंडर ५१ दिवस पुरेल. वर्षाला लागणारी सिलिंडरे आठहून किंचित अधिक होती, ती सातच्या आसपास येतील. झाकण, कुकर आणि मंद आच यांची बचत याहून वेगळी.

मोजमाप, थंडी आणि सुरक्षितता

पुरेपूर वापराची पहिली पायरी म्हणजे पैसे दिले तेवढे इंधन पदरात पडणे. प्रत्येक सिलिंडरवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. त्यात १४.२ किलो मिळविले की भरलेल्या सिलिंडरचे वजन मिळते. घरपोच देताना सिलिंडर वजन करून घेण्याचा आणि मोहोर तपासण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. टाकीच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' म्हणजे एप्रिल ते जून, 'सी' म्हणजे जुलै ते सप्टेंबर व 'डी' म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढील आकडे टाकीच्या पुढच्या चाचणीचे वर्ष दर्शवितात. ती मुदत उलटलेले सिलिंडर स्वीकारू नये.

सिलिंडरमध्ये किती गॅस उरला आहे, याचा अंदाज ओल्या फडक्याने घेता येतो. टाकी बाहेरून ओली केल्यास वरचा रिकामा भाग लवकर सुकतो, द्रव असलेला भाग उशिरा सुकतो. थंड प्रदेशात मात्र गॅस शिल्लक असूनही ज्योत मंदावते. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. लडाख किंवा हिमाचल प्रदेशातील स्पितीसारख्या भागांत हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या बराच खाली गेला की ब्युटेनचे बाष्पीभवन जवळजवळ थांबते आणि तो द्रवरूपात तळाशी पडून राहतो. अशा वेळी सिलिंडर तुलनेने उबदार, पण हवेशीर जागी ठेवणे हाच सुरक्षित उपाय आहे. ते विस्तवाजवळ नेणे अत्यंत धोक्याचे आहे.

शेवटचा थेंब मिळविण्यासाठी सिलिंडर आडवे करण्याची किंवा उलटे धरण्याची सवय देशाच्या अनेक भागांत आढळते. यामुळे वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरमधून नळीत शिरू शकतो. तेथे त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढून ज्योत भडकते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला वायू जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभे आणि शेगडी त्याहून उंच ओट्यावर असावी. वास येताच खिडक्या-दारे उघडावीत, रेग्युलेटर बंद करावा, विजेच्या बटणांना हात लावू नये आणि १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे. मुळात गंधहीन असलेल्या या वायूत मर्काप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते, ते याच कारणासाठी. प्रमाणित 'सुरक्षा' नळी पाच वर्षांनी बदलणे आणि रात्री रेग्युलेटर बंद करणे यांमुळे गळती व अपव्यय दोन्ही टळतात.

सिलिंडर आणि गरीब कुटुंबाची रोख रक्कम

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला. गरीब कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्या नावे अनामत रकमेविना जोडणी देणे हे तिचे वैशिष्ट्य. आठ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट सप्टेंबर २०१९मध्ये गाठले गेले. ऑगस्ट २०२१मध्ये महोबा येथून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात पहिले भरलेले सिलिंडर आणि शेगडीही मोफत देण्यात आली. २०२४अखेर या योजनेतील जोडण्या १० कोटींच्या पुढे गेल्या.

जोडणीनंतरचा वापर हा या योजनेपुढील खरा कसोटीचा मुद्दा ठरला. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१९च्या अहवालात, मार्च २०१८अखेर किमान एक वर्ष पूर्ण केलेल्या १.९३ कोटी लाभार्थींचा सरासरी वापर वर्षाला ३.६६ सिलिंडर एवढाच असल्याचे नमूद केले होते. अविभाजित आंध्र प्रदेशात १९९९मध्ये बचतगटांतील स्त्रियांसाठी सुरू झालेल्या 'दीपम' योजनेतही जोडण्या वेगाने वाढल्या, परंतु भरलेली सिलिंडरे घेण्याचे प्रमाण कमी राहिले होते. उज्ज्वला लाभार्थींचा सरासरी वापर २०२२-२३मध्ये ३.७१ होता आणि २०२४-२५मध्ये तो चारच्या पुढे गेला. वाढ झाली आहे. मात्र पूर्ण वर्षाच्या स्वयंपाकाला हे प्रमाण अपुरे आहे.

यामागील कारण केवळ किंमत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाकडे एका वेळी पूर्ण सिलिंडरची रक्कम असणे कठीण असते. अर्थशास्त्रात याला रोखतेची मर्यादा म्हणतात. याउलट सरपणासाठी रोख मोजावी लागत नाही, श्रम मोजावे लागतात. त्या श्रमांना बाजारात भाव नसल्याने ते फुकट भासतात. जानेवारी २०१५पासून देशभर लागू झालेल्या 'पहल' योजनेने अनुदान थेट बँक खात्यात जमा होऊ लागले. त्यामुळे अनुदानित सिलिंडर व्यावसायिक वापराकडे वळविण्याला आळा बसला आणि खरेदीच्या वेळी ग्राहकाला बाजारभावाची जाणीव होऊ लागली. मात्र पूर्ण रक्कम आधी भरायची व अनुदान नंतर मिळायचे, ही रचना गरीब ग्राहकाला जाचक ठरते. मे २०२२मध्ये उज्ज्वला लाभार्थींसाठी प्रत्येक सिलिंडरमागे २०० रुपयांचे लक्ष्यित अनुदान सुरू झाले व ऑक्टोबर २०२३मध्ये ते ३०० रुपये करण्यात आले. पाच किलोच्या सिलिंडरचा पर्याय हा रोखतेच्या अडचणीवरचाच एक उपाय आहे.

वाचलेल्या गॅसचा हिशेब

वर्षाला चार सिलिंडर वापरणाऱ्या कुटुंबाची कार्यक्षमता वरील उदाहरणाप्रमाणे ६० वरून ६८ टक्क्यांवर गेली, तर सुमारे पावणेसात किलो गॅस वाचेल. हे जवळपास अर्धे सिलिंडर होय. कार्यक्षमता वाढली की वस्तूची उपयुक्त किंमत उतरते आणि वापर वाढतो, असा एक आक्षेप ऊर्जा अर्थशास्त्रात घेतला जातो. त्याला प्रतिक्षेप परिणाम म्हणतात. गरीब कुटुंबाच्या बाबतीत हा परिणाम स्वागतार्ह आहे. वाचलेल्या गॅसवर आणखी काही दिवसांची भाकरी भाजली गेली, तर ८० ते १२० किलो सरपण आणि त्याचा धूर टळतो. या घरात बचतीचे फलित म्हणजे चुलीचा घटलेला वापर. गॅसचा खप कमी होणे हे येथे उद्दिष्ट असू शकत नाही.

पूर्णतः गॅसवर अवलंबून असलेल्या कुटुंबांचे गणित वेगळे आहे. २०२३-२४मध्ये देशात सुमारे २९६ लाख टन एलपीजीचा वापर झाला. त्यातील सुमारे ६० टक्के गरज आयातीने भागविली गेली आणि या आयातीचा बहुतांश भाग आखाती देशांतून आला. साहजिकच सौदी अरेबियातील करारदर, रुपयाचा विनिमय दर आणि सागरी मार्गांची सुरक्षितता यांचे पडसाद प्रत्येक स्वयंपाकघरात उमटतात. अशा २० कोटी ग्राहकांनी वर्षाकाठी प्रत्येकी १० किलो गॅस वाचविला, तर एकूण बचत २० लाख टन होईल. ही बचत २०२३-२४च्या आयातीच्या दहाव्या भागाहून अधिक भरते.

धोरणाच्या दृष्टीने यातून काही दिशा स्पष्ट होतात. अनुदानाचा काही भाग सिलिंडरच्या संख्येबरोबरच शेगडीच्या गुणवत्तेकडे वळविणे, वितरकाच्या सक्तीच्या तपासणीत सुरक्षिततेसोबत बर्नरची स्वच्छता व ज्योतीची तपासणी समाविष्ट करणे, उज्ज्वला लाभार्थींना प्रेशर कुकर सुलभ हप्त्यांवर मिळवून देणे, बचतगटांमार्फत पाच किलोच्या सिलिंडरचे गावपातळीवर वितरण करणे आणि मूल्यमापनात जोडण्यांच्या आकड्यांऐवजी प्रत्यक्ष वापराला प्राधान्य देणे, हे उपाय फारशा नव्या खर्चाविना योजता येतील. आहार, हवामान आणि कुटुंबाचा आकार प्रदेशागणिक बदलत असल्याने प्रशिक्षणाचे साहित्यही स्थानिक स्वयंपाकाला अनुरूप असावे लागेल. नळाद्वारे मिळणारा नैसर्गिक वायू आणि विजेच्या शेगड्या यांचा प्रसार वाढत असला, तरी ग्रामीण भारतातील बहुसंख्य कुटुंबांसाठी सिलिंडर हेच नजीकच्या काळातील स्वच्छ इंधन राहणार आहे. ते आणखी सहा दिवस अधिक पुरले, तर तेवढे सहा दिवस त्या घरातील चूल पेटणार नाही.